ताऱ्याशेजारचा ठिपका

मी, वेधशाळेच्या यंत्रशाळेतून निवृत्त झालेली फिटर, तिघा भावंडांतली मधली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं आहे. हृदय ठिकाणावर नाही, म्हणून उद्या सकाळी ते उघडणार आहेत. मी घाबरले आहे. हात कापतो आहे, तेव्हा अक्षरावरून कोणी शंका काढू नये.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते संपूर्णपणे माझ्या धाकट्या बहिणीचं व्हावं. ते कोणीही तिला विकायला लावू नये की तिच्याकडून रिकामं करून घेऊ नये. 'कोणीही' म्हणजे आमचा थोरला भाऊ. परवा माझ्याच उशाशी बसून तो म्हणाला, "तिचं काय एवढं? तिला कुठंही ठेवली तरी चालेल." म्हणून हे कलम सगळ्यात वर घातलं आहे. धाकटी कमी बोलते, गर्दीत भांबावते. म्हणून ती अडगळ होत नाही.

२. बँकेतली शिल्लक तिच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार शेजारच्या शिंपीणबाईंनी पाहावा. त्या तोंडाच्या फटकळ आहेत, पण थोरला फक्त त्यांनाच वचकतो.

३. कानशी, चिमटे, पकडी यंत्रशाळेला द्याव्यात. गंजू दिल्या तर बघा!

४. डबीतली काळी चकती थोरल्याला. दादा, शर्टाच्या बटणाहून लहान आहे म्हणून फेकू नकोस. लांबच्या ताऱ्याशेजारचं अंधूक काही पाहायचं, तर ताऱ्याचा झगझगाट झाकायला उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताऱ्यावर अशी चकती धरतात. ही मी घासली. धरली, तेव्हा ताऱ्याशेजारी एक ठिपका दिसला. साहेब म्हणाले, "धूळ आहे, पुसा." आम्ही पुसत राहिलो. आरसे लखलखीत झाले, ठिपका तसाच. काही वर्षांत तारा आकाशात किंचित सरकला, तर ठिपकाही त्याच्यासोबत सरकला. तेव्हा कुठे साहेबांनी नोंदवहीतला 'धूळ' हा शब्द खोडला. तो तपकिरी बटू होता. ताऱ्यासारखं पेटायला वस्तुमान कमी पडलेला, पण आतून ऊब असलेला, त्या ताऱ्याभोवती निमूट फिरणारा.

माझा फोटो भिंतीवर लागलाच, तर माझ्या तोंडावर ही चकती धर आणि शेजारी कोण उभी आहे ते बघ. तिला पुसू नकोस रे.

५. मरणाची भीती वाटते, लपवत नाही. त्याहून भीती याची की धाकटी दारात उभी राहील आणि मी येणार नाही. तिला खरं काय ते सांगा. 'ताई गावाला गेली' अशी थाप मारलीत, तर ती वाट बघत बसेल.

घर तिला मिळतं, म्हणून साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही. आत्ताच तिने विचारलं, "मग मी काय करू, ताई?"

म्हटलं, "कागद धर. हलतोय."

सही : मधली

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. शिंपीणबाई

ठिकाण : आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल

दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार

कागद धरला : धाकटीने, दोन्ही हातांनी. अजून सोडलेला नाही.