चातुर्मासातला बाण

अप्पा, कालपासून माझ्या हातांना चैन नाही. सकाळी पूजेला बसले तर गंध उगाळता उगाळता हात थांबला, आणि आरतीतलं मधलं एक कडवं गळलं ते तीर्थ घेताना लक्षात आलं. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. शेवटी टपालात आलेल्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठी घेऊन बसले आहे. इथे लोक चांगला जाड कागद फुकट पाठवतात, मला तो टाकवत नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे परदेशात, नोव्हायमध्ये, नवी होते, पोटुशी होते, येता आलं नाही. आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे. पण तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं होतं, आणि त्या प्रश्नाने या ऑक्टोबरात माझी पार दमछाक केली.

आमच्याकडे एक कुत्री आहे. पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान. दिसायला गरीब, पण जात पक्ष्यांच्या मागावर जाणारी. गवतात पक्षी दडलेला असला की त्याच्या वासावर ती जागच्या जागी थिजते, एक पाय वर, शेपूट ताठ, श्वाससुद्धा जपून. मग माणसाने पुढे होऊन पक्षी उठवायचा आणि उडताना टिपायचा. हा नाद आमच्या ह्यांना लागला तो मोटारींच्या कंपनीतल्या एका मित्रामुळे. तो इथलाच, बापजाद्यांपासून शिकारी, आणि बंदुकीऐवजी धनुष्य घेऊन पक्ष्यांमागे जाणारा. ह्यांनाही त्याने धनुष्यच धरायला लावलं. पानं पिवळी पडली की शनिवारी हे घरात नसायचे. संध्याकाळी चिखलाचे बूट गॅरेजमध्ये काढायचे, कुत्री फरशीवर अंग टाकायची, आणि दोघांच्या तोंडावर सारखंच समाधान.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराच सावरला, उजवा हात नाही सावरला. चमचा धरवतो, पण धनुष्याची दोरी ओढवत नाही. उन्हाळ्यात तो मित्र येऊन बसला आणि हळूच सांगून गेला, की ही कामाची कुत्री आहे, नुसती घरात ठेवली तर मनातून खचेल. वर उत्तरेला त्याच्या घरामागे रान आहे, तो तिला घेऊन जाईल. मित्राची गाडी गेल्यावर हे माझ्या मागे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “तू धर धनुष्य.” मी हसले. तर म्हणाले, “चेष्टा नाही करत. ती गेली तर मी काय खिडकीत बसून शेजाऱ्याचं गवत कापणं बघू?” मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आई, डोन्ट स्ट्रेस, देऊन टाक ना.” तिकडे दूर तिच्या रेडमंडमध्ये पावसात बसून देऊन टाक म्हणणं सोपं आहे. झटका आल्यावर हे दोन महिने कुणाशी नीट बोलले नव्हते. बोलायचे ते त्या कुत्रीशी, डाव्या हाताने तिचा कान चोळत.

आता माझी अडचण तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे खाणंपिणं सगळं चालायचं, पण आषाढी एकादशीपासून चूल बदलायची. आई मटणाचं पातेलं घासून, पालथं घालून वरच्या फळीवर ठेवायची आणि तुम्ही ठासणीची बंदूक तेल लावून कापडात गुंडाळायचात. तुमची दोन्ही कुत्री पोस्टाच्या मागच्या लिंबाला बांधलेली. पावसाळा सरायचा, माळावर गवत वाळायचं, सकाळी तित्तर ओरडायचे, कुत्री साखळीला हिसके द्यायची, रडायची. तुम्ही आत टपालावर शिक्के मारत असायचात आणि त्या रडण्याकडे मान वर करून बघायचा नाहीत. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय कुत्री सोडायची नाहीत, हा तुमचा नियम. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही साखळ्या काढायचात आणि मी पिशवी धरून तुमच्या मागे धावायची. ती दोघं पहिली काही मिनिटं शिकार विसरून नुसतीच गोल गोल पळायची.

एका दसऱ्याला मामा आला होता, आठवतं? बरोबर दोन मित्र, सगळे नव्या कपड्यांत. म्हणाला, दाजी, आज सीमोल्लंघन, कुत्री द्या, माळावर चक्कर टाकतो. तुम्ही म्हणालात, लग्न लागल्यावर या. मामा काय गप्प बसणारा. पोस्टाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “देव काय तुमच्या पोस्टात बसलाय का बघायला?” त्याचे मित्र हसले. मला वाटलं आता तुम्ही कारण सांगाल. तुम्ही आत वळून आईला म्हणालात, चार कप चहा टाक. मी दाराला टेकून उभी होते. तेव्हाच विचारायला हवं होतं.

कारण तुमचा नियम देवासाठी होता की पिलांसाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. एकदा भाद्रपदात बांधावरून जाताना तुम्ही माझा हात धरून थांबवलंत. तित्तराची मादी चालली होती, मागे बोटभर पिलांची रांग. तुम्ही म्हणालात, “बघ, अजून उडता येत नाही यांना.” मी मनात लिहून ठेवलं, पिलांसाठी. पण पुढे दुष्काळाचं एक वर्ष आलं, माळावर पिलू म्हणून दिसलं नाही, जे होते ते सगळे मोठे पक्षी. तरी कुत्री बांधलेलीच. म्हणजे मग देवासाठी? त्यानंतर शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक तुम्ही जमा केलीत, कुत्री म्हातारी झाली आणि विषयच संपला.

इथे सगळं उलटं आहे हो अप्पा. इथे पिलं वसंतात होतात. शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो तोवर ती थोराड झालेली असतात. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर हंगाम बंद. यंदा अधिक महिना आला, त्यामुळे तुळशीचं लग्न हंगाम संपल्यावरच पडतंय. म्हणजे तुमच्या नियमाने चाललं तर कुत्री सोडायला एक दिवससुद्धा नाही.

आजवर मी यातून एक वाट काढली होती. हे मारतील ते पक्षी मित्राच्या फ्रीझरमध्ये राहायचे, चंपाषष्ठी होईपर्यंत. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, मग पहिला घास कुत्रीला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ते पक्षी घरात यायचे. मी सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा करायची. हे दर वर्षी रस्सा ओरपत म्हणायचे, “मेले दसऱ्याला, शिजले चंपाषष्ठीला. देवाला तारीख वाचता येत नाही असं समजतेस काय?” मी त्यांना आणखी एक भाकरी वाढायची. मारणारे ते, मी फक्त रांधणारी, असं मनाला सांगणं जमत होतं. पण धनुष्य माझ्याच हातात आल्यावर काय सांगणार?

तरी शिकले. लायसनसाठी आधी सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागते. मॅट्रिकनंतरची माझी पहिली परीक्षा. इंग्रजी पुस्तक हे समजावून सांगायचे आणि मी पोळ्या लाटता लाटता पाठ करायची. पास झाले. लायसनची फी हिशेबाच्या वहीत कुठे लिहावी ते कळेना. औषधपाण्यात की करमणुकीत. शेवटी कुत्रीच्या नावावर टाकली. ह्यांचं धनुष्य मला जड, म्हणून मित्राने बायकोचं हलकं धनुष्य आणून दिलं. या शिकारीचे बाणही वेगळे. टोक बोथट, मागे भरगच्च पिसं, म्हणजे थोड्या अंतरापर्यंत जोरात जाऊन लगेच खाली पडतात, हरवत नाहीत. तळघरात जुन्या गाद्या उभ्या करून सराव केला. खांदे दुखायचे, रात्री तेल चोळायची. मी फक्त सराव करते आहे, असं सारखं घोकत होते, आणि बाण गादीच्या मधोमध बसायला लागला तेव्हा उगाचच वरच्या देवघराकडे बघायची.

पहिल्या शनिवारी तासाभरावरच्या सरकारी गवताळ रानात गेलो. कायद्याने नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट. हे गाडीत थर्मास घेऊन, दुर्बीण डाव्या हातात धरून बसलेले. मला बघून म्हणाले, “भगवं घातलंसच आहे, आता दोन अभंगही होऊन जाऊ देत.” मी कुत्रीला सोडलं. ती गवतात नाक घालून वाऱ्यासारखी फिरली आणि एका झुडपापाशी थिजली. मी पुढे जाऊन गवतावर पाय आपटला. फडफड करत फेझंट उठला. आपल्या रानकोंबड्याची आठवण यावी असा नर, गळ्याला पांढरी कडी, हातभर शेपूट. इथे मादीला हात लावायचा नाही, फक्त नर. मी बघत राहिले. धनुष्य खालीच. तो ओरडत पलीकडच्या झाडांत गेला आणि कुत्रीने वळून माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मला सहन होईना. चिडून नाही हो. तिने आपलं काम चोख केलं आणि आता मी माझं करायला विसरले, असं समजून ती वाट बघत होती. त्या दिवशी तीनदा असं झालं. पुढच्या शनिवारीही. मी स्वतःशी म्हणायची, फिरायला मिळालं ना तिला, बस झालं. पण त्या दुसऱ्या शनिवारच्या शेवटी ती पक्ष्यापाशी थांबली आणि मी पोचायच्या आधीच खाली बसली. शेपूट पडलेली. गाडीत हे पुढे बघत म्हणाले, “ती तुझ्याकडे बघते ते मला इथून दिसतं.” नेहमीसारखा टोमणा नाही मारला.

काल मित्र आला होता. ट्रकमध्ये कुत्री न्यायचा पिंजरा घेऊनच. म्हणाला, आज एकदा बघतो, नाहीच जमलं तर संध्याकाळी मी तिला घेऊन निघतो, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ह्यांनी मान हलवली आणि कुत्रीचं खाण्याचं भांडं स्वतः पिशवीत घातलं. डाव्या हाताने, पिशवीचं तोंड दातात धरून. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

रानात वारा होता. मी मनात सगळं पुन्हा मांडत होते. पिलांसाठी असेल तर इथे पिलं नाहीत, मादी तर सुरक्षितच. देवासाठी असेल तर कुत्रं हे खंडोबाचंच, मग तिला दुखावून कुठला देव राखायचा? तुमचा आवाज ऐकू येतो का बघत होते. येत होता फक्त साखळीचा. तेवढ्यात पाणवठ्याच्या कडेला कुत्री थांबली. नीट थांबली नाही, अर्धवट, मागे माझ्याकडे बघतच, जणू विचारत होती की येणार आहेस का. मी तिच्या पुढे गेले. गवत हललं, पक्षी उठला, पांढरी कडी दिसली. माझा हात वर गेला, दोरी गालापर्यंत आली, सुटली.

बाण त्याच्या शेपटीमागून गेला. एखाद्या हाताचं अंतर. पक्षी निघून गेला. पण दोरीचा आवाज ऐकताच कुत्री अशी उसळली अप्पा, की मला तुमची ती दोघं दिसली. बाण पडला त्या दिशेने गवत कापत गेली आणि पिसांना धक्का न लावता तो बाण तोंडात धरून माझ्या पायाशी आणून ठेवला. शेपटीने सारं अंग हलत होतं. ह्यांचेही बहुतेक बाण वायाच जायचे, हे मला मित्राने तेव्हा सांगितलं. तिला पक्षी मिळालाच पाहिजे असं नव्हतं, तिच्यामागच्या माणसाने प्रयत्न केलेला हवा होता. त्यानंतर दुपारपर्यंत ती दगडासारखी ठाम थांबत होती. मित्राने रिकामा पिंजरा ट्रकमध्ये मागे ढकलला आणि म्हणाला, ही जाणार नाही कुठे.

परतताना हे भलतेच खूश. मला म्हणाले, “मानलं तुला. मुद्दाम मागून सोडलास ना? कुत्रीही राहिली आणि तुझा चातुर्मासही.” मित्रालाही त्यांनी इंग्रजीत हेच सांगितलं, की माझी बायको व्रत पाळते, तिने जाणून नेम चुकवला. मित्राने टोपी काढून मला मान दिला. मी खिडकीबाहेर बघत हसले. संध्याकाळी मुलीलाही फोनवर हीच गोष्ट सांगितली गेली.

तुम्हाला हे टपालात टाकून पोचणार नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला मी हे वाचू देणार नाही, म्हणून लिहिते. मी नेम चुकवला नव्हता. तुमचं उत्तर येण्याची वाट न बघता मी दोरी ओढली होती, आणि पक्षी वाचला तेव्हा मला हळहळ वाटली. आजही सकाळपासून हात तीच दोरी ओढू बघतायत. चूक कुठे झाली ते माझ्या लक्षात आलंय, अप्पा. पक्ष्याच्या थोडं पुढे धरायला हवं होतं.