दाढेखालचा काळा डाग

रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९८२

नीलाने माझ्या दाढेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि मुळाच्या टोकाशी मुगाएवढा काळा डाग दाखवला, तेव्हाच माझं सगळं बदललं. कॉलेजात ही माझ्या मागच्या बाकावर बसायची. मी मध्येच सोडून वाडीत केळी लावायला आलो, ती दातांची डॉक्टर होतेय. रविवारी माणिकपूरला तिच्या मामांच्या दवाखान्यात मदतीला असते.

केळीच्या सोपटाची, म्हणजे वाळल्या सालीच्या दोरीची, गाठ दातांनी ओढायची आपली सवय, त्यात दाढ चिरली. ठणका थांबला म्हणून मी खूश. आतली नस मेली होती म्हणे! आणि त्या डागात हाडच नाही.

"जंतूंनी खाल्लं?"

"नाही रे. जंतू मुळात दडलेत. त्यांच्याशी लढायला आलेल्या तुझ्या पेशी एवढा आरडाओरडा करतात, की हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्याही तुझ्याच."

"म्हणजे फितूर!"

"फितूर नाहीत, तापट आहेत. तुझ्यासारख्या."

भडकलोच मी. "उपटून टाक मग दाढ!" म्हणत उठलो.

"कॉलेज सोडलंस तशी? अरे, मूळ साफ केलं की त्या शांत होतात, हाड पुन्हा भरतं. आज सातपर्यंत आहे मी. परत ये."

हाड पुन्हा भरतं! सायकल हाणत घरी आलो तरी डोक्यात तेच. मुगाएवढा डाग भरायला महिने लागतील, मग दर वेळी एक्स-रे उजेडात धरायला तीच ना? सुईची भीती वाटते. तिच्यावर पुन्हा चिडेन याची जास्त.

आई विचारतेय, "आत्ताच आलास ना रे?"

दाढ राखायला चाललोय, आई. हा निघालो, दार ओढून घेतो.