पायरीवरचं ऊन

प्रिय दादा,

जमलं! अखेर जमलं! हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, कारण मनातल्या मनात वाचताना तू नको ती वाक्यं गाळतोस.

शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात माझा फोटो लागतोय, तोही आत शिरताच समोरच्या भिंतीवर. बँकेतली नोकरी सोडून मी कॅमेरा हातात घेतला तेव्हा तू मला रिकामटेकडी म्हणालास, आणि असली थेरं करणार असशील तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असंही. शब्दाचा पक्का निघालास. वहिनी चारदा येऊन गेली, तू एकदाही नाहीस. फार लागलं रे ते मला.

तर फोटोची गंमत ऐक. दुपारी समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन येतं आणि आमच्या इमारतीच्या पहिल्या पायरीवर घटकाभर थांबतं. बाकी सगळी सावली. त्या उन्हात मला पायरी चढणारं माणूस हवं होतं, पाय उचललेला, टेकायच्या आतला. कित्येक महिने मी रस्त्यापलीकडे लाँड्रीच्या दाराशी बगळ्यासारखी उभी. माणूस यायचा तेव्हा ऊन नसायचं, आणि ऊन असलं की कुत्रंही फिरकायचं नाही. लाँड्रीवाल्या काकांना दया येऊन तेच चढून दाखवायला निघाले होते! पण मला खरोखर कुणाकडे तरी निघालेलं माणूस हवं होतं. तुझ्या बसमध्ये लिहिलेलं असतं ना, 'अति घाई संकटात नेई', तेच घोकत राहिले.

आणि मागच्या महिन्यात एका दुपारी ऊन आलं, पाठमोरा माणूस आला, त्याने पाय उचलला. मी बटण दाबलं. तेवढ्यात मध्ये ट्रक आला, आणि तो गेला तेव्हा पायरी रिकामी. आनंदाच्या भरात मी काकांच्या इस्त्रीचा शर्ट चुरगळला.

घरी फोटो मोठा करून पाहिला. कॉलर मागून अर्धी वर. आई जन्मभर जी नीट करत आली, आता वहिनी करते, तीच. शेजारच्या आजी दिवसभर जिन्यापाशी बसून असतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, वर कुणीच आलं नाही.

म्हणून हे पत्र. तुझा शब्द शाबूत आहे, पाय टेकलेला नाही, पुरावा माझ्याकडे आहे. पण निघाला होतास, दादा! भिंतीवर फोटो कुणाचाही लागेल, माझी खरी जीत ही आहे. रविवारी दुपारी ये. मी लाँड्रीपाशी नसेन, पायरीवर उभी असेन, कॅमेरा घरात ठेवून. तो पाय तेवढा खाली टेक.

तुझीच,
रिकामटेकडी