नवरीचा रंग पांढरा

मनामा, बहरीन
नोव्हेंबर १९९७

प्रिय रश्मी,

परवा फोनवर तू विचारलंस आणि लाईन खराब आहे असं सांगून मी फोन ठेवला. लाईन चांगली होती. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने चहात साखर किती म्हणून विचारलेलंसुद्धा मला ऐकू आलं. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं, म्हणून ठेवला. तुझ्या लग्नाला मी यायचं का, आणि यायचं तर कोण म्हणून यायचं, याचं उत्तर या पत्रात देते आहे. पण आधी इटलीचं सांगते, कारण तू सुरुवात तिथूनच केली होतीस. मी कशी आहे हे विचारायच्या आधी तू विचारलंस, ताई, बूट आणलेस का?

आणले. मोरपंखी निळ्या सॅटिनचे, घोट्याभोवती बारीक पट्टा आणि टाच काचेसारखी आरपार. रिसेप्शनला घाल. इथल्या शेजारच्या हेमा वहिनी पुढच्या आठवड्यात पुण्याला जात आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. माझा राग बुटांवर नाही.

इटलीला मी काही मजा करायला गेले नव्हते. इथल्या अदलिया भागातल्या आमच्या दुकानात नवरीला लागतं ते सगळं मिळतं, झगे, जाळीच्या ओढण्या, बूट, पर्सा. आमच्या मालकीणबाई, झोहरा मॅडम, दरवर्षी माल ठरवायला तिकडे जातात. यंदा त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून सोबतीला मला नेलं. त्यांचं लहानपण मुंबईत गेलं आहे, त्यामुळे हिंदी फर्डं बोलतात. मिलानच्या विमानतळावर माझ्या पुढे चालत होत्या आणि दुखरे गुडघे सांभाळत मलाच दटावत होत्या, संघा, यल्ला, जल्दी चल, पाँव में मेहंदी लगी है क्या? त्या मला संघा म्हणतात, दुकानात सगळेच म्हणतात. माझ्या नावाचा जो भाग तुला नको आहे तो इथे बिनबोभाट चालतो, हे तुला सांगून ठेवते.

बूट काय पाहिले म्हणून सांगू. मिलानपासून जवळच व्हिजेव्हानो नावाचं गाव आहे, तिथे पिढ्यान्पिढ्या बूटच करतात. पोपटी मखमलीचे बूट, त्यांना पुढून चौकोनी नाक. लाल चामड्याचे, इतके लाल की बघणाऱ्याने आधी पाय बघावेत आणि मग बाईचं तोंड. एका जोडाच्या पारदर्शक टाचेत खरी सुकलेली फुलं बसवलेली होती. मॅडम एकेक बूट हातात घेऊन तळ बघत, नाकाशी धरून वास घेत आणि मग मान हलवत, खलास, ये नहीं. मी मात्र प्रत्येक जोड तुझ्या पायात घालून बघत होते. मनातल्या मनात, अर्थात. आपल्याकडे पायांतलं दाराबाहेर काढूनच लग्नाला उभं राहायचं, तिथे चार पावलं चालायची म्हणून माणसं एवढा जीव ओततात याची मला गंमत वाटली.

त्याच गावात एका दुपारी आम्ही कॉफी प्यायला बसलो होतो तर समोरच्या नगरपालिकेतून लग्नाची मंडळी बाहेर आली. भटजी नाही, पाद्री नाही. गावच्या नगराध्यक्षाने छातीवर तिरंगी पट्टा घालून लग्न लावलं होतं, असं कॉफीवाल्याने मॅडमना हातवारे करून समजावलं. नवरीचा झगा पांढराशुभ्र, आणि ती पायऱ्या उतरताना झगा वर उचलते तो काय, पायात झेंडूच्या रंगाचे बूट. नवऱ्यानेही त्याच रंगाचा टाय लावलेला. लोकांनी मुठी भरभरून तांदूळ उधळले. मला हसू आलं, म्हटलं, अक्षता इथेही सुटल्या नाहीत. मग नवरीची आजी काठी टेकत पुढे आली, तिने पांढऱ्या झग्यावरून हात फिरवला आणि नवरीचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मॅडमना वाटलं ऊन लागलं.

ऊन नव्हतं लागलं. मला आपली आई आठवली. आईचं लग्न पांढऱ्या साडीत झालं, गळ्यात फुलांचा हार, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्रिशरण पंचशील म्हटलं आणि झालं. बाजूच्या आळीतल्या बायका तेव्हा म्हणाल्या होत्या की पोर नवरी आहे की विधवा? आई हे आपल्याला हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची, म्हणजे ते लागलेलं होतं. आणि इथे पांढऱ्या कपड्यातल्या नवरीचं अख्खं गाव कौतुक करत होतं. बहरीनमध्येही नवरी पांढऱ्यातच असते, मेंदीच्या रात्री हिरवी आणि लग्नाला पांढरी. मी वर्षानुवर्षं पांढरे झगे विकते आहे, पण आपल्या पांढऱ्याशी त्यांची सांगड मला त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा घालता आली. तुला ते कधी सांगते असं मला झालं होतं. म्हणून आल्या आल्या फोन केला.

तू बुटांचं विचारलंस, टाचेची उंची विचारलीस आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलंस. शिरीषच्या आईवडिलांना आपण कोण ते माहीत आहे, त्यांचं काही म्हणणं नाही, फक्त त्यांच्या पाहुण्यांसमोर विषय नको. लग्न वैदिक पद्धतीने, बुद्धवंदना नको, आई पांढरी साडी नेसून आली तर त्यांच्या आत्याबाईंना अपशकुन वाटेल म्हणून आईला हिरवी नेसवायची. आणि पत्रिकेवर माझं नाव प्रिया. ताई, तिथे कुणी नाव विचारलं तर प्रियाच सांग ना, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पत्रिका छापून झाली आहे, हे तू सगळ्यात शेवटी सांगितलंस. म्हणजे तू विचारत नव्हतीस, कळवत होतीस.

माझ्या नावाची गोष्ट तुला माहीत नसेल, तू तेव्हा पाळण्यात होतीस. पहिलीच्या वर्गात मास्तरांनी हजेरीत नुसतं प्रिया लिहिलं, सोपं पडतं म्हणून. बाबा ड्यूटीवरून थेट शाळेत आले, अंगावर रेल्वेचा निळा गणवेश, हातांना ग्रीस. सगळ्या वर्गासमोर त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि म्हणाले, गुरुजी, रामजीच्या पोरीचं नाव लांब आहे, पण आहे ते तेवढंच आहे. मास्तरांनी खोडून पुन्हा लिहिलं. मास्तरांनी ऐकलं, रश्मी. तू एम.कॉम. झालीस, बँकेत लागलीस, आणि तुला छापखान्यात एवढं सांगता आलं नाही.

शिरीषवर माझा राग नाही. मुलगा गरीब स्वभावाचा आहे, तुझ्यावर जीव आहे त्याचा. त्याच्या आईवडिलांवरही फारसा नाही, ते त्यांच्या पाहुण्यांना भितात, भिणाऱ्यांचं काय मनावर घ्यायचं. राग तुझा आहे. त्यांनी एक मागितलं तर तू चार काढून दिलीस. आईशी मी नंतर बोलले. तिने बैठकीतली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेऊन ठेवली आहे. व्याही येणार आहेत म्हणून का, असं विचारलं तर म्हणाली, नाही गं, धूळ पुसायला काढली. फोनवर सवयीने माझ्या तोंडून जयभीम निघालं तर तीही जयभीम म्हणाली, पण हळू आवाजात. स्वतःच्या घरात हळू आवाजात. या वयात तू तिला हे शिकवलंस. ताई लांब बसून उंटावरून शेळ्या हाकते असं तू म्हणशील, म्हण. पण मी तिथे असते तर ती तसबीर खिळ्यावरून हलली नसती.

तेव्हा उत्तर हे. मी येणार नाही. आईच्या शेजारी प्रिया नावाच्या ज्या बाईची खुर्ची ठेवली असेल ती रिकामी राहू दे, नाहीतर तिथे शिरीषच्या आत्याबाईंना बसव. लीव्ह मिळाली नाही असं पाहुण्यांना सांग, गल्फमधल्या माणसाबद्दल ते कुणालाही पटतं. तुझा संसार सुखाचा होवो, हे मी मनापासून लिहिते आहे. लिहिताना दात आवळलेले आहेत, एवढंच.

आता एक राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. मी फोन केला तेव्हा माझ्याकडेही एक बातमी होती. तू आधी बोललीस, म्हणून माझी राहून गेली. माझं लग्न ठरलं आहे. प्रज्योत नाव, अमरावतीकडचा, इथे कारखान्यात टेक्निशियन आहे. शुक्रवारी आम्ही काही घरं मिळून वंदनेला जमतो, तिथली ओळख. एवढ्या उशिरा कोण मिळणार म्हणून तू मला चिडवायचीस, तर मिळाला. दोघी बहिणी एकाच मांडवात उभ्या राहू, तुझ्या शेजारी मी, असं तुला विचारायला मी फोन केला होता. आता ते इथेच होईल, पुढच्या महिन्यात, ईसा टाउनमध्ये त्याच्या मित्राच्या घरी. आईला तुझं आटपल्यावर सांगेन, आत्ता तिला आणखी लपवायला काही नको. माझ्या पांढऱ्या साडीला फॉल आमच्या दुकानातली अख्तरुन्निसा लावते आहे, आईच्या जागी तीच उभी राहणार आहे. काल सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं, तेरी कोई बहन नहीं है, संघा? मी नाही म्हणाले. म्हणताना मान खाली घालून साडीची घडी सारखी करत होते. आज झोहरा मॅडमनी तेच विचारलं, आणि या वेळी मी त्यांच्याकडे बघून नाही म्हणाले.

सवयीने तुझीच,
संघप्रिया