अबोल मुलाची चौकशी

१० जानेवारी १९३२, रविवार

कचेरीचा तक्ता भरून झाला एकदाचा! घरं, गुरं, नांगर, विहिरी. शाळामास्तर म्हणजे फुकटचा कारकून. आकडे सगळे बरोबर आहेत. गावात कोण कुणाशी का बोलत नाही, हे मात्र एकाही रकान्यात बसलं नाही.

दादानं थोरल्या मुलीचं, राहीचं, स्थळ असंच पाहिलं होतं. सुपारीची झाडं मोजली, बैल मोजले, आत शिरून भाताच्या कणग्यासुद्धा मोजल्या. एक आकडा चुकला नव्हता. तीन वर्षांनी राही दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. कारण कळत नाही. नवरा मारतो का? न्हाय. उपाशी ठेवतो का? न्हाय. सासू छळते? न्हाय. एवढं विचारून आम्ही थकलो.

आता धाकट्या कोकिळेची वेळ आली आहे. स्थळ आगरदांड्यापलीकडचं, मुलगा येसाजी. मी दादाला म्हटलं, या खेपेला काही मोजायचं नाही. माणसांना बोलतं करायचं आणि ऐकत बसायचं. दादा म्हणाला, मग तूच जा, तुला काय काम असतं! पोरगी त्याची, पण पुतणी माझीही आहे. जाणार.

१७ जानेवारी

दिघीहून खाडीपार नेणाऱ्या तरीत बसलो. शेजारी एक गृहस्थ, भलता बोलका. येसाजीचं नाव काढलं मात्र, खुललाच! बैल आजारी पडला तर पोरगा गोठ्यात निजतो म्हणे. त्याच्या वहिनीला पाणी भरू लागतो म्हणे. तक्त्यात हे कुठून मिळणार? खूश झालो. उतरताना नाव-गाव विचारलं. मुलाचा सख्खा मामा.

खोटं बोलला असं म्हणत नाही. गोठ्यातलं मामालाच ठाऊक असायचं. पण गोठ्यापलीकडचं काही असलं तर तो मला कशाला सांगेल?

१८ जानेवारी

येसाजीच्या गावात न्हावी, गुरव आणि वाणी गाठले. तिघेही म्हणाले, ‘पोरगा गरीब. तोंडात शबूद न्हाय.’ तिघांच्या तोंडी तीच शब्दरचना म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. बहुधा मामा माझ्यापेक्षा झपाझप चालत गेला असावा.

येसाजीही दिसला. खाली मान घालून पाट दिला, पाणी दिलं. बोलणं सगळं त्याच्या आईचं. मला बरं वाटलं. आमच्याकडे मुलगा मान वर करून बोलला की स्थळ मोडतं.

२४ जानेवारी

आज मी सुपारीचा व्यापारी! पलीकडच्या वाडीत मला कुणी ओळखत नाही. रंगू म्हणून एक म्हातारी ओटीवर बसली होती. सुपारीचा विषय काढून मी हळूच स्थळाकडे वळलो. दुपार उलटेपर्यंत ती मोकळेपणानं बोलली. अर्ध्याहून अधिक भलत्याच येसाजीबद्दल निघालं. शेवटी आमच्या येसाजीवर आली. ‘त्यो व्हय? त्यो भांडायला बी बोलत न्हाय कुनाशी.’

हिचा मला भरवसा वाटतो. हिला कुणाचं लग्न जमवायचं नाही, मोडायचंही नाही. शिवाय तिनं ताक दिलं. ताकाचा आणि भरवशाचा संबंध किती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

२५ जानेवारी

झोप नीट नाही. चार-पाच माणसांच्या बोलण्यावर एका पोरीचा जन्म! दादाकडे मोजायला निदान झाडं तरी शेकड्यानं होती.

३१ जानेवारी, रविवार

जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून चौकशी सांगितली. मामा वगळला. म्हातारीला वजन दिलं. सार असं की मुलगा शांत, अबोल, आवाज कधी चढवत नाही. वहिनीनं देवाला हात जोडले. कोकिळा दाराआड लाजत होती. दादानं पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

राही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काका, आमचं बी असंच व्हतं. लगीन झाल्यापास्नं माज्याशी बोललं न्हायत.’

दादानं विचारलं, एकदाही नाही?

‘मीठ पायजे आसलं तरी त्येंच्या आयसला म्हनायचं, तिला सांग. मी समोर वाढीत आसायची.’

हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. ती खडे बाजूला काढत राहिली.

‘तुमी इचारलंत, मारतो का. न्हाय मारत. जेवाया देतो का. देतो. मी सगल्याचं खरं सांगितलं.’

मला रडू आलं. मास्तराला शोभत नाही, पण आलं. पाण्याचं निमित्त करून परसात गेलो.

२ फेब्रुवारी

दादा कालपासून जेवला नाही. राहीला येसाजीकडे बरोबर न्यायचं ठरलं आहे. नवऱ्याचं घर सोडून आलेली मुलगी असल्या कामाला कुणी नेत नाही, म्हणून वहिनी कुरकुरली. हट्ट कोकिळेचा. ताई येईल तरच, म्हणाली.

७ फेब्रुवारी, रविवार

अंगणात येसाजी बैलाला पेंढा घालत होता. राहीनं सरळ त्याच्याजवळ जाऊन विचारलं, ‘ह्येचं नाव काय?’ तो आईकडे वळला. म्हणाला, ‘तिला सांग, ढवल्या.’

एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परक्या बाईशी बोलायला कुणीही लाजेल. मी दादाला तसं सांगणारच होतो. तोवर त्यानं पागोटं घातलं होतं, आणि राही परतीच्या वाटेला लागली होती.