सहा हजार छिद्रांचा युक्तिवाद

२ मार्च, सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. महत्त्वाच्या व्यावसायिक निर्णयांमागची विचारप्रक्रिया लेखी असावी, या मताचा मी आहे.

पार्श्वभूमी. महाविद्यालयात तेवीस वर्षे वाणिज्य शिकवून मेहुण्याच्या लाकडाच्या वखारीत सल्लागार म्हणून रुजू झालो, त्यास दोन महिने झाले. खुर्ची अद्याप मिळालेली नाही. फळ्यांच्या थप्पीवर बसतो. पँटला राळ लागते. हिची तक्रार आहे. नोंद घेतली.

समस्या. एका क्रीडागृहाच्या छतासाठी सीमेपलीकडून पाइनच्या तीन हजार फळ्या आणायच्या आहेत. ठेकेदाराशी भाव आधीच ठरलेला, आणि सरकारने मऊ लाकडाच्या आयातीवर अठरा टक्के शुल्क बसवले. मेहुणा म्हणाला, भावोजी, एवढी ड्यूटी भरली तर दुसरी मशीनची करवत विकावी लागेल, आणि ती चालवणाऱ्या दोघांना घरी बसवावं लागेल. मी म्हणालो, काळजी सोड. तो म्हणाला, यातून सोडवलंत तर वखारीच्या पाटीवर तुमचं नाव लावतो. नाही सोडवले तर काय, हे त्याने सांगितले नाही. तो प्रश्न उद्भवत नाही.

४ मार्च
दुपारच्या चहाला वखारीतल्या सर्वांना विषय समजावून दिला. मऊ लाकूड म्हणजे दाबल्यावर दबणारे लाकूड नव्हे, तर सुईसारखी पाने असलेल्या झाडांचे लाकूड. पलीकडे जंगल सरकारी, झाड तोडण्याची फी नाममात्र. मग आपल्याकडच्या लाकूड कापणाऱ्या गिरण्या ओरडतात की ही छुपी मदत झाली, आणि तेवढी मदत पुसली जाईल इतके शुल्क आपले सरकार बसवते. किती सुरेख व्यवस्था! जवळच्या फळीवर खडूने आकृती काढली. मिस्त्री शेवटपर्यंत एकटक बघत होता. शेवटी म्हणाला, मास्तर, ती फळी गिऱ्हाइकाची आहे.

७ मार्च, पहाटे ५.१५
सापडले! शुल्कसूची, पान ४१२. केवळ कापलेले आणि रंधा मारलेले लाकूड, अठरा टक्के. मात्र 'विशिष्ट वापरासाठी पुढील काम केलेला बांधकामाचा सुटा भाग', चार टक्के. आता पुढील काम म्हणजे काय? कोणतेही काम. उदाहरणार्थ, छिद्र.

फळीला छिद्र पाडले की ती कायद्याच्या दृष्टीने फळी राहत नाही. हिला उठवून सांगितले. ही म्हणाली, अहो, छताच्या फळ्या ना त्या? मी म्हणालो, वर पत्रा असतोच. ती म्हणाली, खाली माणसं असतात. आणि कूस बदलली. अर्धवट झोपेत सूक्ष्म मुद्दे पोहोचत नाहीत.

८ मार्च
मेहुण्याला योजना दोन तास समजावली. तो म्हणाला, भावोजी, डोकं गरगरतंय, पण तुम्ही म्हणता तर करा. पूर्ण पाठिंबा.

कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटचीही भेट घेतली. सगळे त्याला टाचणी म्हणतात, कारण हाती आलेला कागद तो टाचल्याशिवाय सोडत नाही. म्हणाला, सर, कस्टमवाले काय आंधळे आहेत? टोकाला एक भोक पाडाल, ते म्हणतील दोरी ओवायला पाडलंय. अत्यंत उपयुक्त हरकत. त्यावरून निष्कर्ष काढला की छिद्रे दोन हवीत, आणि बरोबर मध्यभागी. टाचणीने कपाळाला हात लावला. मी तो नमस्कार समजलो.

९ मार्च
पलीकडच्या गिरणीला पत्र. प्रत्येक फळीस दोन छिद्रे, व्यास पंचवीस मिलिमीटर.

१० मार्च
गिरणीचा फोन. नक्की का, असे विचारले. नक्की, असे सांगितले.

११ मार्च
पुन्हा फोन. या वेळी गिरणीचा मालक स्वतः. ठेकेदाराला माहीत आहे का, असे त्याने विचारले. ठेकेदार तांत्रिक मनुष्य आहे, त्याला कायद्याच्या बाबींत ओढणे योग्य नव्हे. मालकाने लगेच फोन ठेवला. भारावला असावा.

१३ मार्च
कस्टमच्या कार्यालयात आगाऊ वर्गीकरण-निर्णयासाठी अर्ज दाखल केला. असा निर्णय मिळाला की माल सीमेवर आल्यावर कोणी वाद घालू शकत नाही. अर्ज चौदा पानी. आकृत्या अकरा. परिशिष्टात 'छिद्र' या संकल्पनेचा थोडक्यात इतिहास.

वर्गीकरणाच्या मॅडम शांत बाई आहेत. चष्मा काढून म्हणाल्या, घाई आहे का तुम्हाला? निर्णय एकदा लेखी झाला की वर्षभर आमच्यासारखाच तुम्हालाही बंधनकारक असतो. मी म्हणालो, मॅडम, मला बांधूनच हवे आहे. त्यांनी मान हलवली. नियम समजणारा अर्जदार त्यांना क्वचितच भेटत असावा.

२० मार्च
विजय! निर्णय हाती आला. छिद्रयुक्त फळी हा सुटा भाग आहे. चार टक्के. मॅडमनी शेरा मारला आहे: अर्जदाराचे विवेचन निःशंक करणारे. ही ओळ वखारीत तीनदा वाचून दाखवली. मेहुण्याने आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः थप्पीवर बसला. दुसऱ्या करवतीवरचे दोघे येऊन हात मिळवून गेले. थोरला म्हणाला, मास्तर, पोराची फी भरायची होती, जीव टांगणीला लागला होता. रंगाऱ्याला पाटीसाठी माझ्या नावाचे स्पेलिंग लिहून दिले.

संकल्प: या विषयावर पुस्तक लिहिणे.

२४ मार्च
माल सीमेवर पोहोचला. कस्टमने हात लावला नाही. अडवले वनस्पती-तपासणीच्या निरीक्षकाने. लाकडातून कीड देशात येऊ नये हे पाहण्याचे त्याचे काम, आणि त्याला सहा हजार छिद्रे दिसली. टाचणीच्या म्हणण्यानुसार तो एका छिद्रात बोट घालून म्हणाला, इतकं गोल पोखरणारी कीड मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. नमुने प्रयोगशाळेत. आठ-दहा दिवस.

फोनवर त्याला छिद्रांचे कायदेशीर स्वरूप समजावले. तो म्हणाला, ते कीड ठरवेल.

२ एप्रिल
प्रयोगशाळेचा अहवाल: कीड आढळली नाही, छिद्रे मनुष्याने पाडलेली आहेत. उद्या माल सुटणार. म्हटलेच होते.

३ एप्रिल, सकाळी ११
दोन्ही सरकारांत समझोता झाला आहे. नवे पत्रक कालपासून लागू. मऊ लाकडाच्या साध्या फळ्यांवर शुल्क शून्य. स्थानिक सुतारकामाच्या संरक्षणासाठी तयार सुट्या भागांवर बावीस टक्के.

यात आपल्याला लागू होणारे काही आहे का, ते पाहतो.

३ एप्रिल, ११.२०
आहे.

४ एप्रिल
मॅडमकडे गेलो. निर्णय मागे घ्यावा असा विनंती-अर्ज, एक पानी. मूळ वस्तू ही फळीच आहे, तिला किरकोळ छिद्रे आहेत इतकेच, अशी मांडणी केली.

मॅडमनी माझा जुना अर्ज काढला आणि पान नऊ मोठ्याने वाचले. 'साध्या फळीशी या वस्तूचे दूरान्वयानेही नाते उरलेले नाही, आणि जो तसे म्हणेल त्याने या सूचीचा प्राथमिक अभ्यासही केलेला नाही.' मग म्हणाल्या, सर, नवं पत्रक आल्यावर मी काल दोन तास बसले होते. तुमच्या मुद्द्यांत कुठे फट सापडते का, शोधत होते. नाही हो सापडली.

मन भरून आले. बाहेर पडल्यावर लक्षात आले की ही आनंदाची गोष्ट नाही.

५ एप्रिल
मेहुण्याला सांगायचे होते. आधी प्रस्तावना केली, मग समझोत्याचा इतिहास. तो म्हणाला, भावोजी, शेवटचं वाक्य सांगा. सांगितले. त्याने विचारले, म्हणजे काहीच केलं नसतं तर फुकट आल्या असत्या? मी म्हणालो, प्रश्न बरोबर आहे, पण त्यात काळाचा घटक लक्षात घेतलेला नाही. तो बाहेर गेला. खुर्ची रिकामी होती. बसलो नाही.

घरी हिने ऐकून घेतले. ताट वाढले. हे जास्त वाईट.

८ एप्रिल
ठेकेदार माल बघायला सीमेवरच्या गोदामात आला. फळी डोळ्यासमोर धरून भोकातून माझ्याकडे बघितले. म्हणाला, हे काय, मास्तर, छप्पर आहे की बासरी? मी पत्र्याचा मुद्दा मांडला. तो म्हणाला, पत्रा नाहीये. वरून कौलं, आणि खालून फळ्या उघड्याच दिसणार. हे मला कोणी सांगितले नव्हते. अर्थात मी विचारलेही नव्हते. एवढे नमूद करतो.

मेहुण्याने हात जोडले. भोके खुंट्या ठोकून बुजवून, घासून दिली तर माल घेतो, या अटीवर ठेकेदार गेला. भाव तोच. खुंट्यांचा खर्च आपला.

१२ एप्रिल
शुल्क भरले. बावीस टक्के. नियमाप्रमाणे आकारणी बाहेरील मापावर होते, म्हणजे भोकांच्या जागेचेही शुल्क भरले. या तरतुदीमागचे तर्कशास्त्र मनोरंजक आहे. कोणाला सांगितले नाही.

१४ एप्रिल
दुसरी करवत गेली. क्रेनने उचलली. खाली जमिनीवर चौकोनी स्वच्छ जागा उरली. दोघांपैकी धाकट्याला दुसरीकडे काम मिळाले आहे. थोरल्याला नाही. तो डबा घेऊन निघताना थांबला आणि म्हणाला, मास्तर, नीट समजावून सांगा ना, घरी काय सांगू? तो खरोखरच विचारत होता. मी तोंड उघडले. पहिले वाक्य मिळाले नाही.

१५ एप्रिल
मेहुण्याकडे गेलो. सल्लागारपद सोडतो म्हणालो. थोरल्याला कामावर ठेव, पगार माझ्या वाट्याचा दे. मेहुणा म्हणाला, बरं. फार लवकर म्हणाला. मग म्हणाला, आणि भोकं कोण बुजवणार?

१६ एप्रिल
मी.

१९ एप्रिल
थोरला घासतो, मी ठोकतो. आज एकशे दहा. त्यातल्या चाळीस काढून पुन्हा ठोकाव्या लागल्या.

खुंटी ठोकण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत माझ्या डोक्यात आकार घेत होती. मिस्त्री बराच वेळ बघत उभा होता. मग त्याने माझ्या हातातला हातोडा घेतला. म्हणाला, मास्तर, असं नाही. हे बघा.

मी बघितले.