आर्विडला पुढचं कुणी वाचून दाखवावं

मी, बोर्गहिल्ड ट्वेट, राहणार पाइन इनलेट, मिनेसोटा, पुस्तकांच्या दुकानाची मालकीण, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले, छातीचा भरवसा नाही, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांना शंका असेल, तर माझं कोणतं पुस्तक त्यांनी अजून परत केलेलं नाही, ते मला विचारून पाहावं.

कलम एक. दुकान मालासकट माझी भाची कारिन हिला मिळावं. पुस्तक खाकी कागदात बांधून वर दोन-चार शब्द लिहायची आपली रीत तिने मोडू नये. नाव पाहून माणसं नाकं मुरडतात, पण ‘थंडी, कुत्रा, शेवटी कुणी मरत नाही’ एवढं लिहिलं की मुकाट घेऊन जातात. आजाऱ्याला प्रवासवर्णन द्यावं, बाळंतिणीला छोट्या गोष्टी. खुनाची गोष्ट मागणाऱ्याच्या गळ्यात कविता मारू नये. आणि बाई गं, कुणाच्या आवडीला हसू नकोस.

कलम दोन. शेजारीण लव्हॉन स्ट्रँड शेवटचं पान आधी वाचते आणि चर्चमध्ये कॉफी पिताना खुनी कोण ते सगळ्यांना सांगून टाकते. माझ्या घरातल्या रहस्यकथा तिला द्याव्यात, प्रत्येकीचं शेवटचं पान दोऱ्याने शिवून. बस म्हणावं आता उसवत, भवाने! जीव आहे माझा तिच्यावर, तरी शिवावंच.

कलम तीन. वकीलसाहेब, हे मोठ्याने वाचू नका, गुंडर मोएनच्या हातात द्या. गुंडर, दर हिवाळ्यात तळं गोठलं की तू दुकानात येतोस, "बाई, बहिणीसाठी एखादं प्रेमाचं द्या, जरा रडवणारं." अरे, तुला बहीण कुठंय? माझ्या घरातलं प्रेमकथांचं अख्खं कपाट तुझं. पण एक काम कर.

माझा नवरा आर्विड पुस्तक हातात धरत नाही. संध्याकाळी तो मासे साफ करतो, मी वाचते. मी थांबले की लगेच, "हं, मग? गेली का ती त्याला सोडून?" मी गेल्यावर तो जेवेल, शेगडी पेटवेल, पण बोलणार कुणाशी? मला मरणाची नाही, त्या मुक्या घराची भीती वाटते.

तेव्हा गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून गळ टाकायच्या तुझ्या खोपटात आर्विडला ने, दार लावून घे आणि आमच्या अर्ध्या राहिलेल्या पुस्तकात मी जिथे खुणेला गळाची दोरी घातली आहे तिथून पुढे वाच. तो गळाकडे बघत बसेल. बसू दे, कान तुझ्याकडेच असतात. डोळ्यांत पाणी आलं तर शेगडीचा धूर म्हणा, दोघंही.

आणि गुंडर, एवढं त्याला आधी वाचून दाखव: आर्विड, पुस्तकातल्या त्या बाईचं पुढे काय होतं, मला ठाऊक नाही. काल शेवटचं पान उघडलं होतं, पण मिटून ठेवलं. तुझ्याशिवाय कसं वाचू रे? संपलं की टेकडीवर माझ्या थडग्यापाशी येऊन मला सांग. बर्फ वितळल्यावरच ये, वाट घसरडी असते. मी थांबते.

ठिकाण: पाइन इनलेट. दिनांक: ९ फेब्रुवारी.
सही: बोर्गहिल्ड ट्वेट

आमच्या समक्ष सही केली:
डेल हॉकिन्सन, पोस्टमास्तर
रूथ बक्केन, चर्चमधली ऑर्गनवादक (सही पुसट झाली आहे. तिनेही शेगडीचा धूर असंच सांगितलं.)